मदत हवी आहे: सातपूरचा छोटा ऑफसेट छापखाना, पर्यावरणाची सुरुवात कुठून करू?

छापखानेवाला (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमचा ऑफसेटचा छापखाना आहे. एक चार रंगी मशीन, एक दुरंगी, प्लेट बाहेरून करून घेतो. पत्रिका आणि बिलबुकं वडिलांच्या काळापासून चालू आहेत, पण आता बरंचसं काम द्राक्ष निर्यातदार आणि वायनरीवाल्यांचं. लेबलं, पेट्यांच्या पट्ट्या, कॅटलॉग.

त्यातल्या एका गिऱ्हाइकाने भलीमोठी प्रश्नावली धाडली आहे. कागद कुठून येतो, शाई कोणती, टाकाऊ माल कुठे जातो, कामगारांना विमा आहे का, बायका किती, त्यांचा मोबदला कसा ठरतो. रकाने गोडगोड भरून देणारे सल्लागार आहेत, एकाने फोनवर दरही सांगून टाकला. तसलं मला नको. काम खरंच सुधारायचंय, फक्त नवं मशीन घ्यायची ऐपत सध्या नाही.

रिसायकल्ड कागदावर गेलो की बरंचसं भागलं का? एफएससी (कागद जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातला असल्याचं प्रमाणपत्र) छोट्या प्रेसला झेपतं का? रोलर पुसलेल्या बनियन वेस्टचं, म्हणजे चिंध्यांच्या बोळ्यांचं, काय करायचं? भंगारवाला प्लेटा आनंदाने नेतो, बोळ्यांना हात लावत नाही. सोया शाई कुणी वापरलीय? आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी फ्लेक्सच्या चौकश्या आत्तापासून येतायत. ते काम घ्यावं की नाही यावर घरात दोन तट आहेत.

---

फर्मावाला:

भाऊ, कागदाची जात नंतर बघा, आधी कागद कमी लागतो का ते बघा. छपाईच्या पर्यावरणावरच्या एकूण भारात सगळ्यात मोठा वाटा कागदाचाच असतो.

कॅटलॉगचंच घ्या. डिझायनर डोळे मिटून ए४ देतो. ए४ ची उंची ११.६९ इंच, दोन पानं शेजारी ठेवली की २३.४. म्हणजे २३ बाय ३६ च्या कागदात बसत नाही आणि तुम्ही २५ बाय ३६ मागवता. तेच पान सव्वाआठ बाय ११ केलं तर १८ बाय २३ च्या शीटवर चार पानं ब्लीडसकट (कापणीसाठी कडेला जास्त छापलेल्या भागासकट) बसतात, शीट पकडणाऱ्या ग्रिपरलाही जागा उरते. कागद ८ टक्के कमी. गिऱ्हाइकाला हातात घेऊन फरक कळतही नाही. हे सांगायला एकही रुपया लागत नाही, फक्त फाइल प्लेटला जायच्या आधी डिझायनरला फोन करावा लागतो. तो आपल्याकडे कुणी करत नाही.

रिसायकल्डचं म्हणाल तर हलक्या प्रतीचा माल धूळ सोडतो. ब्लँकेट (शाई कागदावर उतरवणारं रबर) सारखं धुवायला लागलं, रंग जुळेपर्यंत जास्त शीटा गेल्या, की कागदात कमावलेलं धुण्याच्या रॉकेलमध्ये गेलं. आतल्या पानांच्या एकरंगी कामाला जरूर वापरा. उसाच्या चिपाडाचा कागदही बघा, तमिळनाडू न्यूजप्रिंटवाले करतात.

---

बोळा_मास्तर:

मशीनमन म्हणून आयुष्य गेलं, आता फक्त सल्ले देतो, तेव्हा ऐकून घ्या.

सोया शाई चांगलीच, पण डब्यावर सोयाबीनचं चित्र आहे म्हणून आत पेट्रोलियम नाही असं समजू नका. किती टक्के ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि खाण्याच्या मालाच्या वेष्टनावर छापता तेव्हा शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे आहे का, हे त्याच कागदावर लिहून मागा. टोल्यूइन हे सॉल्व्हंट त्यात चालत नाही.

खरा घोळ शाईत नाही, पाण्यात आणि धुण्यात आहे. फाउंटनमध्ये, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किती टाकता? मशीनमनला विचारलंत तर "अंदाजाने" हेच उत्तर येईल. १०-१२ टक्के सर्रास असतं. शुद्ध आयपीएचा फ्लॅश पॉइंट (ठिणगीने वाफ पेटायचं तापमान) १२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या दुपारीही उघड्या कॅनवर पेट घेण्याइतकी वाफ असते, आणि ट्रेवरची वाफ मशीनमन दिवसभर ओढतो. पर्यायी फाउंटन सोल्यूशन घेऊन हळूहळू ५ टक्क्यांच्या खाली या. एकदम शून्यावर जाऊ नका, स्कमिंग होऊन (कोऱ्या जागी शाई धरून) शीटा फुकट जातील. आधी डॅम्पनिंग रोलरचं (प्लेटला पाणी देणाऱ्या रोलरचं) सेटिंग नीट करा, ट्रेमधलं पाणी १०-१२ अंशांवर ठेवा, पीएच ५ च्या आसपास. बोअरचं पाणी असेल तर कंडक्टिव्हिटी (क्षारांचा अंदाज देणारी) मोजायचं पेन घ्या, स्वस्त असतं.

बोळे: रॉकेल-शाईचे बोळे म्हणजे कचरा नव्हे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या अनुसूचीत ३३ व्या नोंदीत दूषित डबे आणि पुसायच्या चिंध्या दोन्ही आहेत. तेव्हा घंटागाडीत नाही आणि बॉयलरवाल्यालाही नाही. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा, कारण तेलकट बोळ्यांचा ढीग आतून तापत जाऊन आपोआप पेटू शकतो. मग अधिकृत विल्हेवाट केंद्राचं सभासदत्व घ्या. एकट्याचा माल थोडा असतो, म्हणून शेजारच्या दोन-चार प्रेस मिळून गाडीची तारीख ठरवा, पण नोंद प्रत्येकाची वेगळी ठेवा. त्र्यंबक रोडला उद्योग भवनात प्रदूषण मंडळाचं कार्यालय आहे, मंडळाच्या संमतिपत्रात हे लिहून घ्यायला विसरू नका.

---

पंचवटीची_बाइंडर:

कागद झाला, पाणी झालं, रॉकेल झालं. बायकांवर अजून कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

मी छोटी बाइंडरी चालवते, माझ्याकडे घडी, जुळणी, पिनिंग, पेस्टिंगला बायका आहेत, काही जणी घरी काम नेतात. दर शेकड्यावर. प्रेसमध्ये प्लेट उशिरा आली, शाई वाळली नाही, मशीन बंद पडलं, तरी डिलिव्हरीची तारीख हलत नाही. मधला सगळा उशीर आमच्या वाट्याच्या वेळातून कापला जातो. दुपारभर बायका फर्म्याची (छापून येणाऱ्या शीटांची) वाट बघत बसतात, त्याचे पैसे नाहीत. मग संध्याकाळी सहाला माल येतो आणि सकाळी टेम्पो उभा.

छापखानेवाले भाऊ, प्रश्नावलीत लिहायला काही हवं असेल तर हे करा: गिऱ्हाइकाला तारीख देताना बाइंडिंगचे दिवस वेगळे धरा आणि ते कुणालाही खाऊ देऊ नका. माल उशिरा पोचला तर बसून राहिल्याचा भत्ता ठरवा. शेकड्याचा दर भिंतीवर लावा. दर असा हवा की नेहमीच्या वेगाने काम करणारीचा दिवस किमान वेतनाच्या खाली जाणार नाही. घड्याळ लावून एकदा मोजा, दर कुठे कमी पडतो ते लगेच दिसेल. प्रेस आणि बाइंडिंग मिळून दहा किंवा जास्त माणसं होत असतील तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागतो, हेही बघून घ्या. रकान्यात "लागू नाही" लिहायची घाई नको.

---

फर्मावाला:

ताईंचं शंभर टक्के बरोबर. एफएससीचं राहिलं होतं. नुसता एफएससी कागद आणला म्हणून चिन्ह छापता येत नाही, तुमच्या प्रेसचं स्वतःचं चेन ऑफ कस्टडी (कागद कुणाकुणाच्या हातून आला याचा माग ठेवणारं) प्रमाणपत्र लागतं. मुदत पाच वर्षं, ऑडिट दरवर्षी. छोट्यांना गटाने घेता येतं, खर्च वाटला जातो. २०२१ पासून त्यात कामगार हक्कांच्या अटीही आहेत, त्यामुळे ताईंनी सांगितलेलं तिथेही कामी येईल. पण एकच गिऱ्हाईक मागत असेल तर आधी त्याला वर्षाच्या कामाची हमी मागा.

फ्लेक्स: १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्स या बंदीत येत नाही, पण आठवड्याभराच्या कार्यक्रमानंतर तो कुठे जातो ते गोदाकाठाला राहणाऱ्यांना सांगायला नको. मी कापडी बॅनरचाच दर देतो. काही जण परत जातात. आणि "इको-सॉल्व्हंट" शाईच्या नावाला भुलू नका, त्यातही सॉल्व्हंटच.

---

छापखानेवाला:

सगळ्यांचे आभार. आयपीए मोजायचं पेन आणि पत्र्याचा डबा उद्याच मागवतो. मास्तर, मशीनमनला विचारलं, "अंदाजाने" हेच म्हणाला. ताई, बाइंडिंगच्या तारखांचं आजच्या जॉबपासूनच सुरू करतो, दराचं मोजमाप करायला तुमची मदत लागेल, व्यनि करतो.

एक राहिलं. पेटीच्या पट्टीवरचं बीओपीपी (प्लास्टिक फिल्मचं) लॅमिनेशन काढून पाण्यावर चालणारं कोटिंग द्यायचा विचार आहे. लॅमिनेटेड कात्रणाला भंगारात भावही येत नाही. पण द्राक्षं कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढली की पेटीला पाणी सुटतं. टिकेल का?

---

बोळा_मास्तर:

तोंडी कुणी हो म्हणालं तर ऐकू नका, मीसुद्धा. पन्नास शीटांवर कोटिंग मारून पट्ट्या खऱ्या पेटीवर चिकटवा, गिऱ्हाइकाच्याच कोल्ड रूममध्ये रात्रभर ठेवा, सकाळी बाहेर काढून पाणी सुटल्यावर ओल्या अंगठ्याने घासा. शाई आधी पूर्ण वाळलेली असू द्या, नाहीतर दोष कोटिंगवर जाईल. आयपीए मात्र पेनने मोजला जात नाही, पेन फक्त कंडक्टिव्हिटीचं. आयपीएला हायड्रोमीटर मिळतो, तो मागवा.