मदत हवी आहे : वेगवेगळ्या वाचकांसाठी मराठी भयकथा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या छोट्या वाचनमंडळासाठी भयकथा निवडायच्या आहेत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा सर्वांना आवडल्या. नारायण धारपांची ‘लुचाई’ मात्र स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली असल्याने, मूळ कादंबरी वाचलेल्यांना तिचा धक्का बसला नाही. अडचण अशी की, एका काकूंना रक्तपात अजिबात चालत नाही, गुजराती माध्यमातील नववीच्या मुलीला जड मराठी झेपत नाही, आणि एका आजोबांना शेवटी ‘सारे मनाचे खेळ’ असा खुलासा मुळीच खपत नाही (भूत आहे तर भूतच असू द्या, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला पटते). अनुवाद नकोत, पुस्तके छापील आणि सध्या विकत मिळणारी हवीत. या तिघांसाठी प्रत्येकी कोणता कथासंग्रह सुचवाल, आणि त्यातील कोणती कथा आधी वाचायला द्यावी?