मदत हवी आहे : स्पेक्ट्रोमीटरच्या भिंगांना बुरशी

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळतो. पावसाळ्यातल्या दमट हवेनं जीव काढलाय. स्पेक्ट्रोमीटरच्या (प्रकाशातले रंग वेगळे करून मोजायचं उपकरण) भिंगांवर कोळिष्टकासारखी बुरशी धरते. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा ग्रेटिंगमधून (अगदी बारीक समांतर रेषांची पट्टी, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी) वेगळ्या दिसायला हव्यात, मुलांना दिसतो एकच धुरकट पट्टा. ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवतो, पण निळे दाणे दोन दिवसांत ओलाव्यानं भरून गुलाबी! ते तापवून पुन्हा वापरतो (पापड भाजताय का, असं शिपायानं विचारून झालंय). कपाटात ४० वॅटचा बल्ब पेटता ठेवायची जुनी युक्ती कुणी केली आहे का? की सरळ ड्राय कॅबिनेटच (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) मागावं? आणि ग्रेटिंगला तर बोट लावायचीही भीती वाटते, ते तुम्ही कसं साफ करता?