पोराशी कुणी खेळत नाही… तुम्ही काय केलंत?

माझा लेक सात वर्षांचा. हरला की पट उधळतो, समोरच्याला ढकलतो. तो खाली उतरला की अपार्टमेंटमधली पोरं खेळ आवरतात. सांगली-मिरजेकडच्यांनो, लिहा. उपदेश नको, केलेलं सांगा.

विश्रामबागची आई
मुलीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, विचार न करता हात उठतो. डॉक्टरांनी घरचं आणि शाळेतलं, दोन्हीकडचं वागणं खोदून विचारलं. एकाच ठिकाणी त्रास असेल तर कारण वेगळं असू शकतं म्हणाले. ‘आगाऊ’ हा शिक्का तोवर बसलाच होता. मी आणखी घोळ घातला, वाढदिवसाला वीस पोरं बोलावली. केक कापायच्या आत हिनं एकीच्या झिंज्या ओढल्या.

मग एकच मैत्रीण, शनिवारी, पाऊण तास. हार-जीत असलेले खेळ बंद. दोघींना भडंग कालवायला बसवलं. लिंबू एकीकडं, पातेलं दुसरीकडं. पातेलं धरणारी रुसली की लिंबू पिळणारीचं अडतं! रंगात आल्या की तिथंच थांबवायचं, भांडणाची वाट बघायची नाही. चौथ्या शनिवारी मैत्रीण न बोलावता आली.

रात्री फारच खचायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

मिरजेचा मास्तर
तिसरीतला एक गडी रोज मारामारी करायचा. मी शिक्षा म्हणून त्याची मधली सुट्टी बंद केली. चुकलंच माझं. मैदानावर गेलाच नाही तर खेळायचं शिकणार कुठं? मग लगोरीत त्याला आधी फक्त गुण मोजायला ठेवलं. ‘मारू नको’ म्हणणं सोडलं; राग आला की पाराला हात लावून यायचं, एवढंच ठरवलं. खरी मेहनत बाकीच्या पोरांवर लागली. तो पाराकडं पळाला की हसायचं नाही, मागं लागायचं नाही. मारामारी संपली नाही, पण आठवड्यातून एखाददुसरी.

कुपवाडचे आजोबा
नातवाला ‘मला घेता का?’ विचारताच येत नसे, थेट चेंडू हिसकावायचा. घरी तालीम केली. मी मुद्दाम ‘नाही’ म्हणायचो. आमराईत पहिल्या दिवशी पोरांनी खरंच नाही म्हटलं. बाकावर येऊन बसला, चेंडू मात्र हिसकावला नाही.

धागाकर्ती
पट माळ्यावर टाकला. शनिवारी समोरचा एकटाच येतोय. त्याच्या आईला सगळं आधीच सांगितलं. म्हणाली, पाठवते, पण भडंगात मिरची बेतानं घाला.