मदत हवी आहे: ३ किलोवॅट सोलर घेतोय, सोबत बॅटरी घ्यावी का?

नमस्कार मंडळी, कराडजवळ आमचं एकमजली घर आहे, स्लॅब मोकळाच आहे, फक्त पूर्वेकडून शेजाऱ्यांच्या नारळाची सावली साडेनऊपर्यंत पडते. महिन्याला ३०० च्या आसपास युनिट जातात, एप्रिल-मेमध्ये एसी सुरू झाला की ४०० च्या वर, आणि एकदा ३०० च्या पुढचा स्लॅब लागला की बिल हातात घ्यायची इच्छा होत नाही. म्हणून केंद्राच्या छपरावरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट बसवायचं ठरवलंय, सबसिडी ७८ हजार मिळते, किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर महिन्याचे ३५०-३६० होतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त, वर्षाचा मेळ बसतो.

घोळ पुढेच आहे. एक व्हेंडर म्हणतो साधं ऑनग्रिड घ्या, म्हणजे बॅटरीशिवाय, थेट लाईनला जोडलेलं. दुसरा म्हणतो हायब्रिड इन्व्हर्टर (लाईनसोबत बॅटरीही जोडता येते तो) आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी घ्या, बिल झिरो करून देतो. बॅटरीला सबसिडी नाही आणि दोन कोटेशनमधला फरक बघून घाम फुटला. पण मला सांगा, नेट मीटर असताना दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते, रात्री तेवढी परत वापरतो, मग बॅटरीत साठवून जास्तीचं काय वाचणार? उलट भरताना-काढताना थोडी वायाच जाणार ना? आणि फिक्स चार्ज तर सुटतच नाही, मग झिरो कुठून?

दुसरी बाजू अशी की आमच्याकडे लाईट जाते, वारा सुटला की गेलीच म्हणून समजा, आणि ऑनग्रिडवाला सांगतो लाईट गेली की भर उन्हात सोलरपण बंद. आई म्हणाली मग काय छपरावर शोभेला ठेवायचं का!

घरात जुना इन्व्हर्टर आहे, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, त्यावर फॅन, लाईट, वायफाय चालतं, फ्रीज आणि १ एचपीची मोटर नाही. तो राहू द्यावा का काढावा? कुणी वापरत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, हिशोब बरोबर आहे तुमचा. नेट मीटरिंगचे नियम आहेत तसे राहिले तर बॅटरी ही बॅकअपसाठी, बिलासाठी नाही. लाईट गेल्यावर ऑनग्रिड बंद पडतं ते मुद्दाम, नाहीतर तुमची वीज लाईनवर जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. जुना इन्व्हर्टर काढू नका, घरातल्या बाकी लोडसारखाच तो सोलरवर चार्ज होतो. मोटर कुठल्याच बॅटरीवर टाकू नका, सुरू होताना कितीतरी पट करंट खेचते, टाकी दुपारी भरून ठेवा. आणि गरजेपेक्षा जास्त पॅनल नको, मार्चअखेर उरलेल्या युनिटला फार कमी रेट मिळतो.

धागाकर्ता:
खूप आभार! मग आत्ता हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन बॅटरी दोन वर्षांनी लावली तर चालेल का?

प्रतिसाद:
चालेल, पण बॅटरीशिवाय चालणारं मॉडेल आहे ना आणि पुढे कुठल्या कंपनीच्या बॅटऱ्या त्याला चालतात हे कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको. नारळाकडच्या कोपऱ्यात पॅनल बसवू देऊ नका, एका पॅनलवर सावली आली तरी त्याच्यासोबत ओळीने जोडलेल्या सगळ्या पॅनलचं जनरेशन कमी होतं.