वॉर्डातलं कॉमन बाथरूम घाण, सांगायला गेलं तर स्टाफ अंगावर येतो. कुणाशी बोलू?

काळजीत_लेक:
आई सहा दिवस झाले जनरल वॉर्डात आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर, औषधं याबद्दल काहीच तक्रार नाही. पण सगळ्या वॉर्डाला मिळून एकच बाथरूम आणि दुपारनंतर तिथे पाय ठेववत नाही, फरशीवर पाणी साचलेलं, डस्टबिन भरून वाहतोय, साबणाची बाटली रिकामी. काल मावशींना सांगितलं तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढं असेल तर स्पेशल रूम घ्यायची होती." आई गप्पच झाली. आणि आज बघते तर सकाळी भरून ठेवलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच, विचारलं तर म्हणते पाणी प्यायलं की तिकडे जावं लागतं. मला रडूच आलं. तक्रार करावी तर अजून चार दिवस ती त्यांच्याच हाताखाली आहे.

निवृत्त_सिस्टर:
ताई, आधी पाण्याचं बघा. ड्युटीवरच्या सिस्टरला आत्ता जाऊन सांगा की पेशंट बाथरूमच्या धास्तीने पाणी पीत नाहीये, लघवी धरून ठेवतेय. ही तक्रार नाही, पेशंटची माहिती आहे, ती त्यांना कळायलाच हवी.
मावशींशी वाद घालू नका. हाऊसकीपिंगचा सुपरवायझर असतो, मोठ्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स असते, त्यांना गाठा. "घाण असतं" असं मोघम नको, "साडेतीनला साबण नव्हता, पाचला पण नव्हता" असं सांगा. बऱ्याच ठिकाणी दारामागे सफाईचा चार्ट लावलेला असतो, शेवटची सही किती वाजताची आहे ते बघून ठेवा.
मला साबणाच्या त्या रिकाम्या बाटलीची जास्त काळजी वाटते. हँडरबने, म्हणजे हाताला चोळायच्या सॅनिटायझरने, बरेचसे जंतू मरतात पण सी डिफ नावाचा जुलाबाचा जंतू असतो त्याचे बीजाणू त्याने मरत नाहीत, ते साबण-पाण्याने चोळून धुवूनच घालवावे लागतात, आणि ज्यांना अँटिबायोटिक चालू आहेत त्यांनाच त्याचा धोका जास्त. सेमेलवाइस या डॉक्टरने 1847 मध्ये व्हिएन्नात नुसते क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले तर बाळंतिणींचे मृत्यू कितीतरी कमी झाले होते. बाथरूमला साबण नसणं ही किरकोळ गोष्ट नाही.

हाऊसकीपिंगवाली:
मी हेच काम करते. त्या मावशी जे बोलल्या ते चूकच, पेशंटसमोर असं बोलायचंच नाही. एक सांगते, फरशी ओली दिसते ती कधी कधी मुद्दाम ठेवलेली असते, जंतुनाशक मारल्यावर काही मिनिटं ओलं राहिलं तरच ते काम करतं, आणि तेवढ्यात कुणीतरी चपला घालून आत जातं की परत सगळं पहिल्यापासून. साचलेलं पाणी मात्र वेगळं, तिथे जाळी तुंबली असणार, ते सांगाच. आणि आम्हाला लोक "ए" करून हाक मारतात हो, दिवसभर. नाव विचारून बोललात तर फरक पडतो.

बाबांचा_मुलगा:
हाऊसकीपिंगवाल्या ताई, तुमचा त्रास खरा आहे पण पोटावर टाके असलेल्या बाईने बाथरूमला जायच्या आधी सगळ्यांना गोड बोलत बसायचं का? बाबा ॲडमिट होते तेव्हा आम्ही पण आठवडाभर गप्प बसलो, उगाच वाईटपणा नको म्हणून, आणि त्याचा मला अजून पस्तावा आहे. काळजीत_लेक, तोंडी सांगून काही झालं नाही तर लेखी द्या, तारीख वेळ घालून, कॉपी स्वतःकडे ठेवा. मावशींच्या विरुद्ध नको, साबण, डस्टबिन, तुंबलेली जाळी एवढंच लिहा.

काळजीत_लेक:
सगळ्यांचे आभार. सिस्टरला सांगितलं, त्या स्वतः आईचा हात धरून तिला घेऊन गेल्या. साबणाची बाटली तासाभरात आली. जाळी अजून तशीच आहे, सुपरवायझर सकाळी आठला येतात म्हणे, तेव्हा चार्टचा फोटो घेऊन जाणार आहे. मावशींचं नाव मी विचारलंच नव्हतं, उद्या विचारते. आई अर्धी बाटली पाणी प्यायली.