सल्ला हवा : गुइलिन (चीन), ५ दिवस, आई सोबत

तेजू_डोंबिवली :
ऑक्टोबरच्या शेवटी गुइलिनला जायचंय, आम्ही दोघं आणि आई (वय ६६, गुडघे दुखतात, पक्की शाकाहारी, अंडंही नाही). हाँगकाँगपर्यंत विमान, पुढे ट्रेन असं डोक्यात आहे. तिघांचे मिळून सव्वादोन लाख, त्यावर नको. राहायचं गुइलिन शहरात की नदीकाठच्या यांगशुओ गावात? क्रूझ की तराफा?

भटकी_अनुजा :
क्रूझच! गुइलिनहून यांगशुओपर्यंत ली नदीतून चारेक तास, वरच्या डेकवर उभं राहिलं की दोन्हीकडून ते सुळके येतच राहतात, मी इतके देश फिरले पण असं काही बघितलं नाही. आम्ही यांगशुओला नदीकाठचं पंचतारांकित घेतलेलं, आईंना तसलंच घे.

तेजू_डोंबिवली :
अनुजाताई, बजेट वर लिहिलंय हो.

सुहास_के :
आधी हे वाचा. यांगशुओ नावाचं हायस्पीड स्टेशन यांगशुओत नाहीच, ते शिंगपिंग नावाच्या दुसऱ्याच गावाजवळ आहे. आम्ही रात्री नऊला उतरलो, हॉटेल यांगशुओ गावात, मुलगा खांद्यावर झोपलेला आणि टॅक्सीवाला तोंडाला येईल तो भाव सांगतोय. नकाशा बघूनच बुकिंग करा.

नंदू_पुणे :
त्यापेक्षा व्हिएतनामला निन्ह बिन्ह करा ना, असेच डोंगर, अशीच नदी, ई-व्हिसा घरबसल्या.

भटकी_अनुजा :
नंदू, तिने चीनचं विचारलंय. आणि असेच नाहीत, निन्ह बिन्ह मीही केलंय.

नंदू_पुणे :
दगड तोच, चुनखडी. मी दोन वेळा जाऊन आलोय.

मीनल_शांघाय :
तेजू, सात वर्षं चीनमध्ये राहतेय म्हणून खाण्याचं सांगते. गुइलिनच्या राइस नूडल्स (मी-फन) कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात पण त्यावर घालतात तो रस हाडं-मांस उकळून केलेला असतो, वरचे तुकडे बाजूला काढून भागत नाही. मांस, मासे, अंडं, हाडांचं पाणी, चरबी काहीच नको असं चिनीत लिहून मोबाइलमध्ये ठेव आणि दाखव. अलिपेला (मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप) कार्ड घरूनच जोडून ये. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर चालत नाही, भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलंस तर चालतं. ट्रेनची तिकिटं १५ दिवस आधी उघडतात आणि पासपोर्टवरच मिळतात.

रानवाटा :
लाँगजीची भातखाचरं चुकवू नका, तिथल्या दाझाई गावात केबल कार आहे, आईंना चढायला नको. तराफा हवा तर यांगशुओजवळच्या युलाँग नदीवर, तो खरा बांबूचा, माणूस काठीने ढकलतो. शिंगपिंगचे तराफे प्लास्टिकच्या नळ्यांचे आणि मोटरवाले, आवाजाने डोकं उठतं.

सागर७ :
क्रूझला +१. अलिपे विसरू नका. चीनचा व्हिसा लागतोच, शिवाय हाँगकाँगची ऑनलाइन पूर्वनोंदणी वेगळी.

सुहास_के :
आणि स्टेशनचं परत सांगतो, नकाशा बघा!!

तेजू_डोंबिवली :
सगळ्यांना खूप थँक्यू. आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली मला चार तास बोट नको, एका जागी बसून नदी बघायचीय. त्यामुळे क्रूझ नाही, खाचरं नाही, यांगशुओही नाही. सुहासदादा, तुमच्याच त्या स्टेशनवर उतरून शिंगपिंगलाच चारही रात्री राहतोय, नदीजवळ साधं लॉज मिळालंय, बजेटमध्ये बसतंय. २० युआनच्या नोटेच्या मागचं चित्र तिथलंच आहे ना, आई म्हणतेय नोट हातात धरून डोंगर जुळवून बघणार. मीनलताई, ते चिनीतलं वाक्य माझ्या विपुत (विचारपुशीत) टाकाल का?