इथिओपियात बुधवार-शुक्रवार सोडून शाकाहारी जेवणाचं काय?

मदत हवी आहे. ७ जानेवारीचा तिथला नाताळ उरकल्यावर आईबरोबर अदिस अबाबा आणि तळ्याकाठच्या हवासा शहराला जातोय. तिला दूध-तूप चालतं. अंडी, मासे अजिबात नाहीत. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवारी उपवास पाळतात, म्हणजे मांस, अंडी, दूध वर्ज्य, तेव्हा इंजेरावर (आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावर) डाळी-भाज्या वाढलेलं बेयायनेतू सहज मिळतं. शिरो म्हणजे तिथलं पिठलं, पण बोझेना शिरोत मांस असतं, तोही टाळू. हॉटेलांना ईमेल केले, सगळ्यांचं एकच उत्तर, 'नो प्रॉब्लेम'. यावर कोण विसंबणार! हवासात तर ऑर्थोडॉक्स वस्ती कमी आणि तळ्यातले मासे जास्त. इतर दिवशी तिथे बेयायनेतू सांगून करून देतात का, की साध्या शिरोवरच भागवायचं? शिवाय सगळे एकाच ताटात जेवतात. कोणाच्या घरी आईसाठी वेगळं ताट मागितलं तर यजमानांना वाईट वाटेल का?